पंचफुलाने सही केली नाही

आमच्या संगणक केंद्रात दोन खोल्या होत्या, एक मशीनची आणि एक बायांची. मशीनच्या खोलीत बारा महिने गारवा. आत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि हळू बोलायचं. आमच्या खोलीत मात्र मे महिन्यातही पंखा लावायला मनाई होती, कारण पंख्याने कार्डं उडतात. कूलरलाही मनाई होती, कारण ओलाव्याने कार्डं फुगतात आणि मशीनमध्ये अडकतात. बाया उडत नाहीत आणि फुगतही नाहीत, तेव्हा त्यांचा विचार करायचं कोणाला काही कारण नव्हतं. नागपूरचा मे म्हणजे काय ते ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

मी प्रेमिला. १९७३ साली या केंद्रात लागले. केंद्र निमसरकारी, सिव्हिल लाइन्सच्या एका जुन्या बंगल्यात. त्याचं नाव सांगत नाही, भीतीने नव्हे, फुकटची जाहिरात नको म्हणून. धरमपेठेतून सायकल मारत यायचे आणि दहा ते साडेपाच कार्डं तपासायचे. हल्ली, म्हणजे या अठ्ठ्याऐंशी सालात, पेपर उघडला की संगणक युगावर लेख असतो. हे युग कोणी आणलं त्याची यादीही असते. सगळे कोटवाले. मी ती यादी रोज वाचते आणि रोज माझं डोकं फिरतं, कारण तिच्यात पंचफुला धकाते हे नाव नसतं. म्हणून हे लिहायला बसले.

आधी काम समजून घ्या. तेव्हा मशीनसमोर बसून कोणी टाइप करत नसे. प्रोग्रामर साहेब चौकटी आखलेल्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचे. तो कागद आमच्याकडे यायचा. आमच्यातली एक जण तो वाचून जाड कार्डांवर भोकं पाडायची. एका ओळीला एक कार्ड, एका कार्डात ऐंशी रकाने, प्रत्येक अक्षराची भोकं ठरलेली. मग दुसरी बाई तोच कागद घेऊन तीच कार्डं दुसऱ्या यंत्रावर पुन्हा ठोकायची. दोघींचं जुळलं तर कार्ड बरोबर. ठोकणारी पंचफुला, तपासणारी मी. सहा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि तिची चूक मला महिन्याला एखादी सापडायची. माझ्यासारख्या खोडसाळ बाईलाही तेवढीच.

पंचफुला गोळीबार चौकातली, कोष्ट्यांच्या घरातली. बाप मागावर नऊवारी विणायचा. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि रोजंदारीवर केंद्रात आली. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर सहा वर्षं काढली. दर तीन महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने रुजू व्हायचं, म्हणजे कायम करा म्हणायला तोंड उरत नाही. अंगाने किरकोळ, आवाज मात्र बसच्या कंडक्टरसारखा. साहेब लोकांशी बोलतानाही तो खाली येत नसे. तिला उद्धट म्हणायचे. मीही म्हणायचे.

एकदा मोठे पाहुणे केंद्र बघायला आले. प्रोग्रामर शरच्चंद्र साहेब त्यांना समजावत होते की भोकांच्या कार्डाने यंत्राला हुकूम द्यायचा हा केवढा आधुनिक शोध आहे. साहेब मुंबईहून शिकून आलेले, पस्तिशीतले, इस्त्रीच्या बाहेर न पडणारे. पंचफुला आपल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, भोकांचे पुठ्ठे त माहा बाप बी मागावर लावते. काठावर फूल कुठं आन मोर कुठं, ते पुठ्ठाच सांगते." पाहुणे हसले. त्यांना ते विनोदाचं वाटलं. शरच्चंद्र साहेबांना वाटलं नाही, कारण ते खरं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. मागावरच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. पंचफुला ते लहानपणापासून बघत आली होती, त्यामुळे आम्ही बाकीच्या ज्या कार्डांकडे नुसती कार्डं म्हणून पाहायचो त्यांच्याकडे ती काहीतरी लिहिलेलं आहे म्हणून पाहायची.

एक दिवस तिने मला विचारलं, "आपन काय ठोकून राहिलो, ते तुले समजते का वं?" मी म्हटलं, समजून काय करायचंय, पगार भोकांचा मिळतो. तिला ते उत्तर आवडलं नाही. तिने शिपाई शालिकरामला गाठलं. साहेबांच्या कपाटावरची धूळ झटकायचं काम त्याचं. शनिवारी अर्धी सुट्टी झाली की तो प्रोग्रामिंगचं पुस्तक धुळीसकट तिच्या पिशवीत टाकायचा आणि सोमवारी साहेब यायच्या आधी जागेवर ठेवायचा. पुस्तक इंग्रजी. पंचफुलाचं इंग्रजी मॅट्रिकचं. पण ती म्हणायची की यात आहेत मोजून पन्नास शब्द, तेवढे तर सिनेमाच्या पाट्यांवर असतात. रद्दीत गेलेले छापील प्रोग्राम ती घरी न्यायची, एका बाजूने वाचायची आणि दुसऱ्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहायची. हे कुठे चालवून पाहणार? कुठेच नाही. मशीनच्या खोलीत पंचिंगच्या बायांना जायची परवानगी नव्हती. कागदावरच लिहायची, कागदावरच बोटाने चालवायची, आणि चुकलं की स्वतःलाच शिव्या द्यायची.

शहात्तर साली पहिली ठिणगी पडली. शरच्चंद्र साहेबांच्या एका कागदावर कंस बंद करायचा राहिला होता. तसं ठोकलं असतं तर प्रोग्राम परत आला असता आणि एक दिवस फुकट गेला असता. पंचफुलाने कंस बंद करून टाकला. माझ्या यंत्राने फरक दाखवला, मी विचारलं, ती म्हणाली जाऊ दे, बरोबर आहे. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. आणि चालला म्हणूनच साहेबांना संशय आला! त्यांनी कागद आणि कार्डं लावून पाहिली आणि संचालक मनोहरराव यांच्याकडे तक्रार केली. मनोहररावांनी पंचफुलाला लेखी मेमो दिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: पंच-ऑपरेटरने मजकुराचा विचार करू नये, जसे लिहिले आहे तसेच पंच करावे. पंचफुलाने तो मेमो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, असली घाण कशाला जपतेस. ती म्हणाली की सरकारी कागद आहे, कधी ना कधी कामी येतो.

आणि तो आला. एकोणऐंशी सालचा जून. आमच्याकडे एका परीक्षा संस्थेचं काम होतं, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची पदविका परीक्षा, सहा विषय. विदर्भभरातून साडेचार हजार मुलंमुली. पहिल्यांदाच निकाल मशीनवर लागणार होता. प्रोग्राम शरच्चंद्र साहेबांचा. आम्हाला सूचनांचा कागदही त्यांच्याच अक्षरात आलेला. त्यात लिहिलं होतं की जो उमेदवार मागच्या वर्षी एखाद्या विषयात पास झाला आहे त्याला त्या विषयात सूट आहे. त्याचा तो रकाना कोरा सोडावा. आम्ही कोरा सोडला. पंचफुलाने सोडला, मी तपासला.

निकाल लागून चार दिवस झाले असतील. दुपारी एक मुलगी आमच्या खोलीच्या दारात उभी. उमरेडकडच्या खेड्यातली, नाव गोपिका. एसटीने आली होती. पदर घामाने ओला, हातात गुणपत्रिका. मागच्या वर्षी ती पाच विषयांत पास झाली होती, एकटं गणित राहिलं होतं. या वर्षी फक्त गणिताला बसली आणि एकसष्ट गुण मिळवले. आणि गुणपत्रिकेवर छापलं होतं: गणित एकसष्ट, बाकी पाच विषय शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. नापास. तिला गावच्या शाळेत नोकरी ठरलेली होती, एक जुलैला हजर व्हायचं, पास असेल तरच. परीक्षेच्या कचेरीत तिला सांगितलं की मशीनने केलंय, मशीनवाल्यांकडे जा. मशीनच्या खोलीतल्यांनी सांगितलं की कार्डं ठोकणाऱ्या बायांकडे जा. बायांच्या पुढे कोणतीच खोली नव्हती, म्हणून ती आमच्यापाशी थांबली.

ती रडत नव्हती. चिडली होती. म्हणाली, "मी त्या पेपरले बसलीच नाही बाई. मंग मले शून्य देल्लं कोनं?"

पंचफुलाने तिला पाणी दिलं, नंबर विचारला आणि गठ्ठ्यातून तिचं कार्ड काढलं. खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिलं. मग तसलीच आणखी दहा-बारा काढली. तोपर्यंत तिचा चेहरा असा झाला होता की मी उठून दोन पावलं मागे झाले. माझ्या कानात एवढंच म्हणाली की चूक आपली नाही, आणि ही एकच मुलगी नाही, सूट मिळालेले सगळेच गेलेत. मोजले. तीनशे बारा.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना मनोहररावांच्या खोलीत बोलावलं. परीक्षा संस्थेचं कडक पत्र आलं होतं. मनोहरराव माणूस वाईट नव्हते, पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि दोन वर्षं उरलेला माणूस कोणाचाच नसतो. त्यांच्या टेबलावर टाइप केलेला जबाब तयार होता, तीन प्रतींत. पंचिंग व तपासणीतील दोषामुळे सूटधारक उमेदवारांचे गुण चुकीचे नोंदले गेले, आम्हाला खेद आहे, खाली दोघींची नावं. शरच्चंद्र साहेब खिडकीशी उभे होते, बाहेर बघत.

मनोहररावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की शिक्षा वगैरे काही होणार नाही, ही नुसती फाइल बंद करायची आहे. मुलांनी एकेकट्याने फेरतपासणीचा अर्ज करायचा, दिवाळीपर्यंत निकाल दुरुस्त होतील. केंद्राचं नाव राहील. आणि माझ्याकडे पाहून म्हणाले की प्रेमिलाबाई, तुमचं कायम होण्याचं प्रकरण याच महिन्यात माझ्या सहीला यायचंय.

मी सही केली. तिन्ही प्रतींवर. पेन त्यांचंच होतं. मला माहीत होतं की आम्ही चुकलो नाही. माझी आई माझ्यावर अवलंबून होती, कायम होणं म्हणजे काय असतं ते रोजंदारीवर काम केलेल्यालाच कळतं, ही सगळी कारणं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले आहे. कारणं खरी आहेत. सही खोटी होती.

पेन पंचफुलाच्या पुढे आलं. तिने ते हातात घेतलंच नाही. पिशवीतून दोन कार्डं काढली आणि टेबलावर ठेवली. एक गोपिकाचं. दुसरं एका अशा मुलाचं, जो गणिताच्या पेपरला बसला होता आणि ज्याला खरोखरच शून्य मिळालं होतं. दोन्ही उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरली, मनोहररावांच्या अगदी डोळ्यांसमोर.

"शून्याले भोक राहते साहेब. ह्या पोराले शून्य आहे, हे पाहा भोक. ह्या पोरीच्या पाच विषयांच्या रकान्यांत मले एक भोक दाखवा. दाखवलं की मी सही करतो."

मी मान वर केली नाही. ती म्हणत होती ते इतकं सरळ होतं की शाळेतल्या पोरालाही कळावं. कार्डावर कोरं वेगळं आणि शून्य वेगळं. शून्य म्हणजे एक ठोका, कोरं म्हणजे ठोका नाही. कार्डात फरक होता, पण प्रोग्राम रकाना आकडा म्हणून वाचत होता, आणि प्रोग्रामच्या भाषेची खोडच अशी की आकड्याच्या जागी कोरं दिसलं की ती शून्य समजते. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. शनिवारी धुळीसकट जाणाऱ्या त्याच पुस्तकात. पंचफुलाने पानाचा आकडाही सांगितला.

मनोहरराव म्हणाले की मग तुम्हाला हे कळत होतं तर ठोकतानाच का नाही सांगितलं? तेव्हा तिने पिशवीत पुन्हा हात घातला आणि मेमो काढला. प्लास्टिकमधून बाहेर काढून, घड्या नीट उघडून त्यांच्याच सहीवर बोट ठेवलं.

"प्रोग्राम माह्यापाशी आला तवा मी नुसता ठोकला, वाचला नाही. तुमीच सांगतलं होतं वाचू नोका. डोकं लावलं तं मेमो देल्ला, नाही लावलं तं सही मांगून राहिले. बाईनं करावं तरी काय, ते एक कागदावर लिहून द्या. मंग तसं करतो."

मला तेव्हा हसू आलं होतं आणि लाजही वाटली होती. दोन्ही एकदम. मनोहरराव लालबुंद झाले. रागाने की दुसऱ्या कशाने, सांगता येणार नाही. म्हणाले, एवढं कळतं तर मग तुम्हीच दुरुस्त करून दाखवा. ते टोमणा म्हणून बोलले होते. पंचफुलाने तो हुकूम म्हणून घेतला. शालिकरामकडून चौकटीचे कागद मागवले आणि तिथेच, संचालकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्या-उभ्या लिहायला लागली.

तिचा विचार असा होता की रकाना आधी आकडा म्हणून वाचायचाच नाही, अक्षर म्हणून वाचायचा. अक्षरात कोरं ते कोरंच राहतं. कोरं निघालं की तो विषय मोजणीतून सोडायचा, मागचा निकाल धरायचा. कोरं नसेल तरच त्याचा आकडा करायचा. पाऊण तासात अकरा ओळी झाल्या. शरच्चंद्र साहेब आतापर्यंत खिडकीशीच होते. त्यांनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी पेन्सिल काढून चौथ्या ओळीपाशी टिंब दिलं आणि विचारलं की एखाद्याला सात गुण असतील तर? सात हा एकच आकडा, गुणांना रकाने दोन, तेव्हा पहिला रकाना कोरा राहणार, आणि तुम्ही तेवढाच पाहताय. तुमचा प्रोग्राम त्यालाही सूट देऊन टाकेल.

पंचफुला थबकली. चूक होती, आणि तिचीच होती. तिने कबूल केलं, दोन्ही रकाने कोरे असतील तरच सूट असं लिहिलं, आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी तिला पहिल्यांदा तुम्ही बरोबर आहात असं म्हटलं, आणि ते म्हणताना त्यांना फारसा त्रास झालेला दिसला नाही. इतकी वर्षं आपला प्रोग्राम त्यांना एकट्यालाच वाचावा लागत होता, हेही मला तेव्हाच सुचलं. पुढे एका मासिकात वाचलं की परदेशात सुरुवातीला प्रोग्राम लिहायचं काम बायकांकडेच असायचं, कारण ते कारकुनी समजत. मग कळलं की यात डोकं लागतं, तशा खुर्च्या बदलल्या. आमच्याकडे त्या खुर्च्यांवर बाया बसल्याच नव्हत्या, त्यामुळे बदलायचीही गरज पडली नाही.

कार्डं तिनेच ठोकली, मी तपासली. एकही फरक आला नाही. गठ्ठा घेऊन ती मशीनच्या खोलीकडे निघाली. दारापाशी आतल्या माणसाने हात आडवा केला की बायांना मनाई आहे, गठ्ठा इथेच द्या. तिने चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिली. शेवटी शालिकरामने आतून दार धरलं. तो तिच्या चपला बाजूला सरकवून तिथेच राखण करत बसला, जणू कोणी त्या पळवणार होतं. वीस मिनिटांनी छापील कागदाची लांब पट्टी घेऊन ती बाहेर आली. तीनशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी पास. गोपिका त्यात होती. दिवाळीपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही. यादी त्याच दिवशी संस्थेकडे गेली, आणि गोपिका एक जुलैला शाळेत हजर झाली. तिचं पोस्टकार्ड आलं, पंचफुलाच्या नावाने.

इथे गोष्ट संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रोग्रामच्या भाषेत एक सोय होती. कार्डाच्या पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर ठोकलं की मशीन ते कार्ड वाचत नाही, सोडून देतं. तिथे माणसांसाठी काहीही लिहावं. शरच्चंद्र साहेबांनी गठ्ठ्याच्या सुरुवातीला असल्याच एका कार्डावर आपलं नाव ठोकून घेतलं होतं, सगळेच प्रोग्रामर घ्यायचे. पंचफुलाने आपल्या अकरा ओळींच्या आधी तसंच एक कार्ड घातलं: सुटीची दुरुस्ती, पंचफुला धकाते, जून १९७९. मनोहररावांनी छापील प्रत चाळताना ते पाहिलं आणि काढायला सांगितलं. पंच-ऑपरेटरचं नाव प्रोग्रामात शोभत नाही, आणि मशीनला त्याची गरजही नाही.

ती म्हणाली, "मशीनसाठी कुठं लिहिलं साहेब? साहेबाचं नाव बी मशीन वाचत नाही. त्यायचं काढा, मंग माहं काढतो."

कार्ड तिने काढलं नाही. जबाबावरही सही केली नाही. परीक्षा संस्थेकडे तांत्रिक अडचण दूर झाल्याचं पत्र गेलं, आणि माझ्या सहीचा जबाब फाइलला लागला, कारण फाइलला काहीतरी लागावंच लागतं. ऑगस्टमध्ये पंचफुलाची तीन महिन्यांची ऑर्डर संपली. नेहमीप्रमाणे ती एक दिवस घरी बसली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा नवी ऑर्डर नव्हती. कारण विचारलं तर कारण द्यायची गरज नसते असं सांगण्यात आलं. शरच्चंद्र साहेबांनी तिच्यासाठी लेखी शिफारस दिली होती, हे मला शालिकरामकडून कळलं. ती शिफारस पुढे कुठे गेली ते शालिकरामलाही माहीत नव्हतं. पंचफुलाने डबा उचलला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. मी कायम झाले होते. पेढे वाटायचे राहून गेले, ते मी वाटलेच नाहीत.

तिने गोळीबार चौकात एका खोलीत टायपिंगचा वर्ग काढला. दोन जुनी यंत्रं. संध्याकाळी टायपिंग संपलं की कोष्ट्यांच्या मुलींना चौकटीच्या कागदावर प्रोग्राम लिहायला शिकवायची. मशीन नव्हतं, म्हणून मुलीच मशीन व्हायच्या. एक जण ओळ वाचायची, दुसरी आकडा लक्षात ठेवायची, तिसरी फळ्यावर लिहायची. लोक हसायचे. तिच्याकडच्या दोघी आज पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत, त्यांना जाऊन विचारा हसायचं का.

मी तिच्याकडे दोन वर्षं गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? मग एक्क्याऐंशी साली, निवृत्तीच्या आठवड्यात, मनोहररावांनी मला बोलावून पंचफुलाचं ते कार्ड गठ्ठ्यातून काढून टाकायला सांगितलं. जाताना घर झाडून जावं तसं त्यांना वाटत असावं. मी त्यांच्यासमोर कार्ड काढलं आणि फाडलं. मग आमच्या खोलीत आले, यंत्रापुढे बसले आणि तेच्या तेच कार्ड पुन्हा ठोकलं, आणि त्याच्याखाली आणखी एक: तपासले, प्रेमिला. दोन्ही गठ्ठ्यात घातली. ठोका एकही चुकला नाही. नव्या छापील प्रतीतलं ते पान घडी करून त्याच संध्याकाळी मी गोळीबार चौकात गेले.

पंचफुलाने पान वाचलं. दोन्ही नावं वाचली. मला वाटलं होतं ती हसेल, निदान बस म्हणेल.

"चांगलं केलं तू हे," ती म्हणाली. "पन तू त्या कागदावर केलेली सही अजून तिथंच आहे ना वं? त्यात माही चूक लिहिली आहे. तो कागद मशीन वाचत नाही, मानसं वाचतात."

ती मुलींना शिकवायला वळली आणि मी सायकल हातात धरून चालत घरी आले, पूर्ण रस्ता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कचेरीत बसून मी अर्ज लिहिला. जून १९७९ च्या जबाबावरील माझी सही मी मागे घेत आहे. त्यातील मजकूर खोटा आहे हे मला सही करतानाही माहीत होते. पंचिंगमध्ये व तपासणीत कोणताही दोष नव्हता. टाइप केला नाही, हाताने लिहिला, तीन प्रती. त्याबद्दल माझी एक वेतनवाढ थांबली आणि मला वर्षभर रद्दीच्या खोलीत बसवलं, ते पुढचं. त्या सकाळी मी खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली, आणि शालिकरामला सांगितलं की आवक वहीत नंबर पडल्याशिवाय मनोहररावांच्या दारातून हलायचं नाही.